पाकिटावरचं जातं



  या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय तो 'पारंपरिक उत्पादनांचे लघुउद्योग : अस्सलपणा आणि नावीन्य' असा. एवढा ऐसपैस विषय दिला की वक्ता कुठूनही कुठंही भरकटतो, म्हणून मीच तो आखूड करून घेतो. मला बोलायचंय ते कळण्याच्या पिठावर, भरितावर, पापड-बिबड्यांवर आणि खापरावरच्या मांड्यांवर. खाद्यसंस्कृतीचा अभ्यासक म्हणून नव्हे, तर हिशेबनीस म्हणून. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलं. धुळे, अमळनेर, चोपडा, जळगाव इथल्या लहान धंद्यांच्या वह्या. परंपरा म्हटलं की काहींचे डोळे भरून येतात. मी आधी खरेदीखातं उघडतो. एखादा माल किती अस्सल आहे ते त्याच्या जाहिरातीपेक्षा खरेदीखात्यात लवकर कळतं.

एक उदाहरण घेऊ. मध्यंतरी एका दुकानात कळण्याच्या पिठाचं पाकीट मिळालं. कोणाचं ते सांगत नाही, कारण तशी बरीच आहेत. पाकीट देखणं होतं. दर्शनी बाजूला नऊवारीतली बाई जात्यावर दळण दळतेय, मागे चूल, कोपऱ्यात बैलगाडी. वर 'गावरान', खाली 'आजीच्या हातची चव'. पाकीट उलटं केलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे जो घटक वजनानं जास्त तो आधी लिहावा लागतो. तिथं क्रम होता : ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, उडीद डाळीचं पीठ, मीठ. पीठ पांढरंशुभ्र.

इथं बसलेल्या बायकांना यात काय खटकलं ते सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या मंडळींसाठी सांगतो. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद, त्यात मीठ, आणि ते सगळं एकत्र दळायचं. प्रमाण घराघराचं वेगळं. कुठं चारास एक, कुठं तीनास एक, आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. उडदाच्या काळ्या सालामुळं पिठाला करडा रंग येतो. भाकरी थापताना ती किंचित चिकट लागते, तव्यावर खरपूस होते, आणि तिच्याबरोबर ठेचा, कच्चं तेल, कांदा किंवा भरीत असलं की जेवण झालं. डाळ वापरली की साल गेलं, साल गेलं की रंग गेला आणि वासही गेला. तांदूळ घातला तो भाकरी सहज थापता यावी म्हणून असेल, किंवा पीठ पांढरं दिसावं म्हणूनही असेल. म्हणजे त्या पाकिटात कळणं सोडून बाकी सगळं होतं. जातं मात्र होतं, पाकिटावर.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे आणि ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही. आपल्याकडचे लहान धंदे बदलतात याचं मला वाईट वाटत नाही. ते चुकीची बाजू बदलतात याचं वाटतं. जे खुशाल बदलावं ते चित्र, ती बैलगाडी, तो आजीचा हात आपण जिवापाड जपतो. आणि ज्याला हात लावू नये तो माल गुपचूप बदलतो.

हे कळणं मुळात आलं कुठून ते पाहिलं तर हा मुद्दा जास्त उघड होतो. तापी, गिरणा, पांझरेच्या काळ्या जमिनीत जुन्या शेतकऱ्याचा एक फेर होता. पावसाळ्यात मूग-उडीद घ्यायचे, ते लवकर निघतात. मग त्याच रानात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर, भाद्रपद-आश्विनात दादर पेरायची. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. उंच वाढते, कडबा भरपूर देते, दाणा टपोरा आणि भाकरीला गोड. एकाच शेतातून एकाच वर्षात उडीद आणि ज्वारी घरात येत. त्या दोन्हींचं एकत्र दळण म्हणजे कळणं. कुणा आजीनं बसून ही पाककृती शोधून काढलेली नाही. शेताच्या फेरपालटातून ती ताटात आली.

आता तो फेर मोडलाय. कापूस आपल्याकडे नवा नाही, पण २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर त्याखालचं क्षेत्र पसरत गेलं. कपाशी रान लवकर सोडत नाही, मग दादर पेरायची कुठं? जिथं पाणी आलं तिथं मका आला, केळी आली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मी त्याच्या वह्याही पाहिल्यात. दादरीचं उत्पन्न संकरित ज्वारीपेक्षा कमी, पाखरांचा त्रास, काढणीला मजूर नाही. तेव्हा कळण्याचं पीठ विकणाऱ्या बाईला बाजारात जी ज्वारी मिळते ती घ्यावी लागते, आणि ती कुठली आहे हे आडत्यालाही माहीत नसतं. दादरीला क्विंटलमागे जे जादा द्यावे लागतात ते तिच्या पाकिटाच्या किमतीत बसत नाहीत, कारण शेजारच्या फळीवर तांदूळ घातलेलं पाकीट स्वस्त आहे आणि त्यावरचं जातं हिच्यापेक्षा मोठं आहे.

या टप्प्यावर नेहमी कुणीतरी उठून सांगतं की अहो, अस्सल असं काही नसतंच. मिरची पोर्तुगिजांनी आणली, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. बरोबर आहे. ठेच्यातलं मीठ आणि लसूण वगळलं तर आपल्या अभिमानाच्या पदार्थांत बाहेरून आलेलं पुष्कळ निघेल. जळगावच्या केळीचंच घ्या. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी कितीतरी वर्षं रावेर-यावल-सावदा पट्ट्यात बसराई जात होती. नव्वदच्या दशकापासून ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन आली, ठिबक आलं आणि बघता बघता शिवारं बदलली. आज दिल्लीला जाणारा घड आजोबांच्या बागेतला नाही. तरी ती जळगावचीच केळी आहे आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही. शेतकऱ्यानं जात बदलली, ती सांगून बदलली आणि घड सुधारला. पण 'सगळंच कधीतरी नवं होतं' या वाक्याची ढाल करून कळण्यात तांदूळ घालणाऱ्याला मोकळं सोडायला मी तयार नाही. मिरची आली तेव्हा कुणी लवंगीच्या नावाखाली लाल रंग विकत नव्हतं.

केळीबरोबर त्याच वर्षी जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन मिळालं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण तिचा अर्थ नीट वाचत नाही. मानांकन वांग्याला आहे, भरिताला नाही. १९९९ चा कायदा मालाचं भौगोलिक नाव राखतो. बामणोद-भालोदकडचं ते फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, कमी बियांचं, हातात मावणार नाही असं वांगं दुसरीकडचं कुणी 'जळगावचं' म्हणून विकू शकत नाही. पण ते वांगं तुम्ही कसं भाजता यावर कायद्याचं काही म्हणणं नाही.

आणि भरीत तर भाजण्यातच आहे. तुराट्या किंवा पऱ्हाट्या पेटवायच्या, जाळ भडकला की वांगी त्यात टाकायची, उलटीपालटी करत काळी पडेपर्यंत भाजायची. कपाशी आणि तुरीच्या काड्या झपकन पेटतात आणि लवकर विझतात. त्या थोड्या वेळात जो धूर वांग्यात शिरतो तो गॅसच्या शेगडीवर मिळत नाही. सोलून, लाकडी भांड्यात ठेचून, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि वर तेल. हिवाळ्यात जळगावात भरीत केंद्रांसमोर किती गर्दी होते ते तुम्हाला माहीत आहे. तिथं मी एक गोष्ट पाहिली जी मला फार आवडते. भाजायला काड्याच, पण जाळावर लोखंडी जाळी ठेवलेली, म्हणजे पन्नास वांगी एकदम फिरवता येतात. सोलायला हातमोजे. ठेचायला अजून लाकूडच. मग वजन करून डब्यात, आणि डबा थेट पुण्याच्या गाडीवर. काय बदलायचं आणि काय नाही हे त्या माणसाला कुणी शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं. धूर आणि ठेचणं राखलं, बाकी सगळं सोयीचं केलं. मी विचारलं, मिक्सर का नाही? तो म्हणाला, "भाऊ, मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. लोक चटणीला पैसे देत नाहीत."

सोनगीरचंही थोडक्यात सांगतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुनं नावाजलेलं. स्टीलनं तो धंदा मारला. आता पुन्हा तांब्याच्या बाटल्यांचं खूळ आलंय, आणि बाजारात ज्या बाटल्या येतात त्यांच्यावर ठोक्यांच्या खुणा यंत्रानं उठवलेल्या असतात. तांबटाचा ठोका पत्रा घट्ट करतो, भांड्याला ताकद देतो. यंत्राची खूण फक्त दिसते. पुन्हा पाकिटावरचं जातंच.

आता जरा अवघड भागाकडे येतो. आतापर्यंत मी जे बोललो ते ऐकून कुणाला वाटेल की हा गृहस्थ हातानं केलेल्या सगळ्याचा भक्त आहे. मुळीच नाही. हातानं म्हणजे कुणाच्या हातानं, हा प्रश्न वह्यांमध्ये लिहिलेला नसतो.

उडदाचे पापड घ्या. चैत्र-वैशाखात आपल्या गल्ल्यांमध्ये पापड लाटायला बायका जमायच्या, अजूनही जमतात. पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवायचं, मग तेल लावत कुटायचं. हे कुटणं ज्यानं पाहिलंय तो 'हातकुटाईचे पापड' या शब्दांकडे कौतुकानं बघणार नाही. पीठ दगडासारखं असतं. ते मऊ, लवचीक होईपर्यंत घाव घालायचे. खांदे भरून येतात. मग लाट्या करायच्या, लाटायचं, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गच्चीवर वाळत घालायचं. बिबडे त्याहून किचकट. ज्वारी भिजवून भरडायची, कोंडा काढायचा, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, ते ढवळताना दोन बाया लागतात, आणि गरम असतानाच हात भाजत कापडावर थापायचे. घरापुरतं एक दिवस हे चालतं, त्यात गप्पा असतात, गाणी असतात. पण हेच काम धंदा म्हणून उन्हाळाभर करायचं झालं की गाणी लवकर संपतात.

मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, ती लिज्जतची गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. तिची प्रेरणादायी बाजू बाजूला ठेवा आणि कामाची वाटणी बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं, यंत्रावर. लाटणं बायका घरी नेऊन हातानं करतात. वाळलेले पापड परत आणून देतात, तिथं तपासून वजन होतं आणि मजुरी मिळते. ज्यात निव्वळ दमणूक आहे ते यंत्राकडे. ज्यात हाताचं कसब आहे आणि घर सांभाळून जमतं ते हाताकडे. आणि उडीद? लिज्जतच्या पापडाला उडीद ब्रह्मदेशाकडचाही चालतो, हिंग अफगाणिस्तानचा. गाव हा त्यांचा दावाच नाही. एकसारखी चव हा दावा आहे, आणि तो त्यांनी पाळला. कुठला दावा करायचा ते आधी ठरवा, हे मी माझ्या पक्षकारांना सांगतो. 'खान्देशी' म्हणायचं असेल तर उडीद-ज्वारी कुठली ते सांगावं लागेल. 'घरगुती' म्हणायचं असेल तर कामगार बाईला काय मिळतं ते सांगावं लागेल. दोन्ही म्हणायचं असेल तर किंमत वाढवावी लागेल.

जाता जाता एक गंमत. वस्तू व सेवा कराच्या यादीत पापड करमुक्त आहे, 'कोणत्याही नावानं ओळखला जाणारा' असे शब्द तिथं आहेत. मग गोल पापडाला एक न्याय आणि चौकोनी पापडाला दुसरा का, असा वाद मध्यंतरी देशभर रंगला आणि खात्याला खुलासा करावा लागला की आकाराचा काही संबंध नाही. बिबडा पापड की नाही, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारू नये अशी इच्छा आहे.

काय हातानं करायचं आणि काय यंत्रानं, हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. जवाहरलाल अध्यक्ष. आपण त्याची आठवण काढतो ती राजकारणासाठी. पण तिथं खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं आणि त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. मंडप, प्रवेशद्वारं सगळी सजावट नंदलाल बोस यांची, आणि गांधीजींची अट अशी की जे साहित्य गावात मिळतं तेच वापरायचं. बांबू, चटया, मातीची भांडी. फैजपूर निवडलं ते कुठल्याशा मागास कोपऱ्यातलं गाव म्हणून नव्हे. हे गाव एके काळी कापड रंगवण्यासाठी आणि छापण्यासाठी प्रसिद्ध होतं, गडद निळ्या आणि लाल रंगासाठी. शेजारच्या यावलचा कागद चालायचा, एरंडोलचाही. हे सगळं अधिवेशनाच्या आधीच ओसरलं होतं. १८६८ मध्ये लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. गिरणीचा कागद आला. फैजपूरच्या रंगाऱ्यांनी मालात खोट केली म्हणून ते बुडाले असं नाही. माल चांगला असून बुडाले. हेही मी आज सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं 'अस्सल ठेवा, सगळं ठीक होईल' अशा थाटाचं होईल. ठीक होईलच असं नाही.

त्याच काळातली एक गोष्ट मला फैजपूरहूनही महत्त्वाची वाटते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या वेळचे एक लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हातानं किंवा पायानं चालावं. खेड्यातल्या झोपडीत मावावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. ते या देशात तयार व्हावं. आणि त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी अट : एखाद्या बाईला फार श्रम न पडता त्यावर आठ तास काम करता यावं. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र या स्पर्धेला गेलं होतं. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण ज्या गांधीजींना आपण यंत्रद्वेष्टे म्हणतो त्यांच्या चळवळीनं यंत्राला काय विचारलं ते पाहा. वेग विचारला, किंमत विचारली, आणि बाईचा खांदा विचारला. आज अनुदानाच्या अर्जावर क्षमता ताशी किती किलो असा रकाना असतो. खांद्याचा रकाना नसतो.

वर्ध्याला मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, त्याच सुमाराला तेलाची घाणी सुधारली गेली. आज आपल्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल दुप्पट भावानं विकलं जातं. बैल गेला, विजेची मोटर आली. कुणाची तक्रार नाही. कारण लाकूड राहिलं, सावकाश फिरणं राहिलं, तेल तापत नाही. बैलाला कुणी चवीचा भाग मानलं नव्हतं, आणि बैलालाही सुटल्याचं दुःख झालं नसेल. पण काही बाटल्यांवर बैल अजून आहे.

मग ग्राहकानं ओळखायचं कसं? जळगाव सोन्याचं गाव आहे, म्हणून तिथलं उदाहरण देतो. हॉलमार्क आपल्या देशात २००० साली आलं आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. पण जळगावचं सोनं घ्यायला लोक दूरदुरून त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. तेव्हा शिक्का नव्हता, पेढीचा शब्द होता. आणि तो शब्द टिकला, कारण सोन्याचा कस लावता येतो. खोटं निघालं तर दुसऱ्या गावचा सराफ लगेच सांगायचा. कळण्याच्या पिठाला कसोटीचा दगड नाही. पुण्यातल्या घरात तिसरी पिढी असते, तिनं खरं कळणं खाल्लेलंच नसतं; तांदूळ घातलेली भाकरी खाऊन ती म्हणते, वा, आजीची आठवण आली. खोटा माल अशा ठिकाणी पकडला जात नाही, उलट तोच पुढं खरा म्हणून चालतो.

म्हणून मी पाकिटाच्या मागच्या बाजूचा एवढा आग्रह धरतो. ज्यांच्या वह्या मी बघतो त्यांतल्या एका बचत गटानं पाकिटावरची बाई काढून टाकली. माझ्या सांगण्यावरून नव्हे, छपाईचे पैसे वाचवायला. पांढरी पिशवी, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर : दादर, अख्खे उडीद, मीठ, दळल्याची तारीख, आणि दादर कोणत्या गावची ते. पहिल्या वर्षी विक्री पडली. दुकानदारानं सांगितलं, "ताई, हे मालासारखं दिसतच नाही." दुसऱ्या वर्षी ती सावरली, पण पूर्वीइतकी नाही, आणि ही मी यशोगाथा म्हणून सांगत नाहीये. तोटा एवढ्यासाठी झाला नाही की त्यांनी पीठ ताजं दळून लहान पिशव्यांत द्यायला सुरुवात केली. उडदाचं साल असलेलं पीठ फार दिवस चांगलं राहत नाही, आणि जास्त टिकवायचं तर पुन्हा डाळीकडे जावं लागतं. टिकाऊपणासाठी माल बदलायच्या ऐवजी त्यांनी विकण्याची पद्धत बदलली. आता त्या आधी मागणी घेतात, मग दळतात. फोनवरचा गट आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या धंद्यात झालेला सगळ्यांत उपयोगी बदल हा आहे, आणि त्यासाठी कुणी प्रकल्प अहवाल लिहिला नव्हता.

सरकारी योजनांबद्दल कुणी विचारेलच, म्हणून दोन वाक्यं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० साली सुरू झाली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि बचत गटातल्या बाईमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. 'एक जिल्हा एक उत्पादन' यात जळगावला केळी आहे, म्हणून वेफरवाल्यांना ती सोयीची पडली. ज्यांना यंत्र घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं. पीठ मळायचं यंत्र, वाळवणाचं सोलर यंत्र, यांनी अवकाळी पावसात कितीतरी वाळवण वाचतं. फक्त अर्ज भरताना हे ध्यानात घ्या की योजना यंत्राला पैसे देते, दादरीला देत नाही.

आणि खापराला तर मुळीच नाही. शेवटी त्या मांड्यांकडे येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी नाही असं घर आपल्याकडे नसायचं. वस्त्रगाळ केलेलं गव्हाचं पीठ, इतकं मऊ आणि तार सुटेल असं मळलेलं की ओट्यावर ठेवलं तर पसरतं. पुरण भरून कडा दाबायच्या, मग पोळी दोन्ही हातांवर घ्यायची. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, ती झुलत झुलत मोठी होत जाते. पातळ इतकी की आतलं पुरण दिसावं, पण फाटता कामा नये. आणि एका झोकात चुलीवरच्या उपड्या खापरावर. हात जरा अडखळला तर पुरण जाळात. हे करणाऱ्या बायका आता सणाला, लग्नाला बोलावून आणतात. जळगावच्या बहिणाबाई महोत्सवात, पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत त्यांच्यापुढं रांगा लागतात आणि लोक फोन वर करून चित्रण करतात. चांगली गोष्ट आहे. पैसे मिळतात, मान मिळतो.

पण त्या प्रदर्शनांत चूल पेटवू देत नाहीत, गॅस असतो. गॅसची आच एका जागी लागते आणि मातीचं खापर तडकतं. म्हणून उलटी कढई आली. कढईवर पोळी होते, छान होते, पण पटकन कडक होते. मातीवरची मऊसूत राहते. मी एका करणाऱ्या बाईंना विचारलं की तुम्हाला यातलं काय आवडतं. त्या म्हणाल्या, "कढई. ती फुटत नाही, मला दर खेपेला कुंभाराच्या पाया पडावं लागत नाही." उत्तर ऐकून मी गप्प बसलो, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. मांड्याचं कसब हातात आहे आणि हात शाबूत आहेत. अडचण खापर करणाऱ्याची आहे. माती मिळत नाही, वर्षातून एकदा आखाजीच्या तोंडावर मागणी येते, भाजताना काही फुटतात, आणि उरलेली घरात पडून राहतात. कुंभाराच्या पोरानं शहराचा रस्ता धरला तर त्याला दोष कसा द्यायचा?

इथं गटांच्या बऱ्याच ताया बसल्या आहेत, त्यांच्यासाठी व्यवहाराचं बोलतो. खापराची मागणी चैत्रात देऊ नका, पौषात द्या, आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. फुटीचा हिशेब धरून जास्तीचे नग तुमच्या खर्चात घ्या. गॅसवर चालेल असं जाड बुडाचं खापर करून बघायला त्याला सांगा, दोन-चार फुटतील ते प्रयोगाच्या खात्यावर टाका. प्रयोगाचा खर्च हा धंद्याचाच खर्च असतो, मी तो वहीत बसवून देईन. दादरीचंही तसंच. पेरणीच्या आधी, श्रावणात, दोन शेतकऱ्यांशी बोलणी करा, भाव लिहून घ्या, आणि एकरभर का होईना, मूग-उडीद काढलेल्या रानात ती पेरून घ्या. कडबा त्याचा त्याला. ज्वारी निघाल्यावर बाजारभाव खाली आला तरी ठरलेला भाव द्या. हे सगळं धरून कळण्याच्या पिशवीची किंमत काय येते ते मी मांडून आणलंय. तो कागद बाहेर टेबलावर ठेवलाय, त्यात तुमच्या मजुरीचाही रकाना आहे. आधी तो भरा, मग किंमत ठरवा.